काथ्या खोलीचं पाणी

“इथं आम्ही संडासात सोडलेलं पाणी परत आम्हालाच प्यायला देता का?”

हा प्रश्न मी विचारला. मी, ओवी हारुगडे, दहावी ‘ब’. मोठ्यांदा, वीसेक पाहुण्यांच्या देखत, हातात कोकम सरबताचा पेला धरून. सांगलीहून निघताना झोया, उर्वी आणि घाटगे (तिला पहिल्या नावानं कुणीच हाक मारत नाही) या तिघींनी पैज लावली होती, “विचारून दाखव. विचारलंस तर तुझी विज्ञानाची सगळी जर्नल्स आम्ही पुरी करू.” जर्नलांसाठी मी याहून वाईट प्रश्नही विचारला असता.

आईनं डोळे मिटून घेतले. पप्पा मात्र गुडघ्यावर थाप मारून हसले आणि लगेच “आई गं” म्हणाले, कारण गुडघा.

स्वागताला उभी असलेली गार्गीताई तिरोडकर अजिबात गडबडली नाही. “पिऊक नाय गो बाय,” ती म्हणाली. “माडाक घालतो.”

“आणि त्या माडाचं शहाळं आम्ही पितो?”

“व्हय. म्हणजे थोडं तुमचंच.”

सगळे पाहुणे हातातल्या पेल्यांकडे बघायला लागले. मी जिंकले होते.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात ‘हजर’सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी लावायच्या. मग पप्पांनी मला कबड्डीच्या संघात ढकललं. ते हायस्कूलला खेळाचे सर. चढाईला जाऊन कबड्डी कबड्डी ओरडता ओरडता माझा आवाज जो सुटला तो सुटलाच. कबड्डीनं पप्पांना कपाटभर ट्रॉफ्या दिल्या आणि दोन्ही गुडघे घेतले. आता त्यांचा सगळा जीव संग्रामदादावर. संग्रामदादा म्हणजे माझ्या वारलेल्या आप्पाकाकांचा मुलगा, पप्पांचा पट्टशिष्य, पुढच्या महिन्यात राज्याच्या निवड चाचणीला जाणारा. सरावानंतर दोघं काका-पुतणे ओट्यावर बसतात आणि एकाच पाकिटातली दुखण्याची गोळी वाटून घेतात, जशी दुसरी माणसं तंबाखू वाटून घेतात. पाकीट अर्थातच आईच्या मेडिकलमधलं.

तर आई-पप्पांच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही कोकणात, खाडीच्या काठावर, ‘जकातघर’ नावाच्या रिसॉर्टमध्ये आलो होतो. पूर्वी म्हणे खाडीतून येणारं प्रत्येक गलबत इथं थांबवायचे, पोती उसवून आत काय आहे ते बघायचे आणि मग पुढे सोडायचे. आता त्याच चिऱ्याच्या भिंती, तीच नळ्यांची कौलं, पण आत एसीशिवाय गारवा, छपरातून झिरपणारा उजेड आणि विजेचं एकही बटण नाही. तुम्ही आत आलात की खोलीला कळतं. खोल्यांना जुन्या मालाची नावं होती. गूळ, सुपारी, वगैरे. आई-पप्पांना ‘मीठ’ मिळाली आणि मला, माझी एकटीची, दाराला कडी असलेली, ‘काथ्या’!

मीठ खोलीतला संडास वारसा म्हणून जपलेला होता. पितळी तोटी, शहाबादी फरशी आणि खाली बसायचं. पप्पांनी एकदा आत डोकावून बघितलं आणि दुसऱ्या सकाळी माझ्या दारावर थाप पडली. “ए ढोल्ये, आवरलं का? पप्पांचा नंबर आहे!” काथ्यात कमोड होता. घरीही आमचं असंच आहे. इंग्लिश तो पप्पांचा, देशी माझा आणि आईचा. ते एकदा पेपर घेऊन आत बसले की मी वाट बघत बसत नाही. टॉवेल खांद्यावर टाकून मी मीठमध्ये गेले. मग दिवसभर तसंच चाललं; यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

त्याच दिवशी गार्गीताईनं मला बाग दाखवली. माझ्या प्रश्नामुळे मी तिची लाडकी झाले होते. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, बोलते भराभरा, आणि समोर शाळकरी मुलगी आहे म्हणून सोपं करून सांगत नाही. प्रत्येक खोलीचं पाणी आधी जिवाणूंच्या टाकीत जातं, मग कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना. माझ्या खोलीच्या नळीच्या टोकाला एक केळ होती. तिनं तिच्यावर पाटी लावली, ‘ओवीची केळ’. मी केळीला शेकहँड केला.

“पण टाकीला कसं कळतं कुणी काय सोडलंय? विषारी असलं तर?”

“तोच तर घोटाळा झाला पहिल्या वर्षी. एक पाहुणे अँटिबायोटिक घेत होते. आमच्या टाकीतले सगळे जिवाणू मेले. जो काय वास सुटला, विचारू नको! मग ही पट्टी बसवली.”

पट्टी म्हणजे संडासाच्या भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेखाली, नखाएवढा तुकडा. त्यावर हजारो बारीक खाचा, आणि प्रत्येक खाच एकाच जातीच्या रेणूला धरते. एखादा पकडीवाला दुसऱ्या कुणाला हात लावत नाही, फक्त त्याच्या वाट्याच्या चढाईपटूचा घोटा धरतो, तशी. औषधाचा रेणू सापडला की झडप फिरते आणि त्या खोलीचं पाणी झाडांकडे न जाता कोळशाच्या टाकीत जातं. सुरुवातीला एवढंच होतं. पण पट्टीला साखर दिसत होती, क्षार दिसत होते, लघवीतून जाऊ नयेत ती प्रथिनं जाताना दिसत होती. दिसतंच आहे तर स्वयंपाकघरालाही कळवू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. तेव्हापासून ज्याला जे सोसेल तेच त्याच्या ताटात येतं.

“आणि त्या माणसाला सांगत नाही?”

“नाही. सांगायचं नाही, सांभाळायचं, असं आमचं धोरण आहे. चार दिवस आराम करायला आलेल्याला कशाला घाबरवायचं? आम्ही थोडेच डॉक्टर आहोत. आणि तुमच्या पप्पांनी येताना संमतीचा अंगठा दिलाय.”

पप्पा समोर काचेचा तुकडा दिसला की अंगठा देतात. शाळेच्या हजेरीची सवय.

मी आई-पप्पांना पट्टीची सगळी गोष्ट ऐकवत होते, तेवढ्यात दुपारच्या जेवणाला सुपारीच्या पानांची ताटं आली, वर नारळाच्या झापाची विणलेली झाकणं. पप्पांच्या झाकणाखाली काय नव्हतं! तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, पापड, लोणचं, पिकल्या केळ्याचा हलवा. आईचंही साधारण तसंच. माझ्या झाकणाखाली भात, दुधी, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि माशाचा एवढासा तुकडा. लोणचं नाही, सोलकढी नाही. शहाळंसुद्धा फक्त माझ्यासमोर नव्हतं.

“हे काय, मला काय बाळंतीण समजलेत?” मी ओरडले.

“दे इकडं, माझ्यातलं घे,” म्हणत पप्पांनी सुरमई उचलली.

वाढणाऱ्या मावशींनी हळूच मध्ये हात घातला. “ताईंचा ताट येगळा आसा.”

आई हसली नाही. तिनं माझ्या ताटातली बटाट्याची फोड उचलली, चावली आणि चावता चावता थांबली. “हा बटाटा दोनदा उकडलाय,” ती म्हणाली. “पाणी काढून टाकून.”

“मग?”

“काही नाही. जेव.”

पण ती स्वतः जेवली नाही. मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून अठरा वर्षं लोकांची पथ्यं ऐकणारी बाई आहे ती. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त कुठं गेलं ते मला समजेना.

समजलं ते उन्हं कलल्यावर. होडीतून फिरायला चला म्हणून मी दोघांना शोधत जुन्या धक्क्यावर गेले. ते गलबतं बांधायच्या दगडावर माझ्याकडे पाठ करून बसले होते.

“तिला सांगायचं नाही,” पप्पा म्हणत होते.

“अहो, तपासायला न्यावं लागणार. मीठ नाही, केळं नाही, शहाळं नाही, बटाटा धुऊन. हे किडनीच्या पेशंटचं ताट आहे. तिथं दवाखान्यात कळेलच की तिला.”

“कावीळ बघायला आलोय म्हणायचं. आप्पाला तरी कुठं सांगितलं होतं?”

“आप्पांना कावीळच होती ना?”

पप्पांनी एक खडा खाडीत टाकला. मग म्हणाले, “किडन्या होत्या. पाण्याच्या फोडांनी भरलेल्या. द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात, डॉक्टर म्हणाले. घराण्यातनं येतं म्हणाले. भावंडांनी, मुलांनी, सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाले.”

“कधी?”

“ओवी झाली त्या साली.”

“आणि मला आज सांगताय.”

“मी खेळत होतो, पळत होतो. मला काय धाड भरलीय, म्हटलं.” त्यांचा आवाज चिरकला. पप्पांचा आवाज! ज्याला मैदानावर माईक लागत नाही, तो. “माझी एक काढून देतो तिला. आज म्हणालीस तर आज.”

मी आल्या पावली परत फिरले. खोलीत जाऊन कडी लावली आणि घोटा अंगठ्यानं दाबून बघितला, खळगा पडतो का. पडल्यासारखा वाटला. दुसरा दाबला. आरशात जीभ बघितली, जिभेचा किडनीशी काय संबंध कोण जाणे. झोयाला लिहायला घेतलं, ‘अगं ऐक ना,’ आणि पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. माझ्यासारख्या बडबडीला! मी चौथीत असताना आप्पाकाका शेवटचे घरी आले होते. त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते. आज्जी रोज त्यांना मुळ्याचा रस द्यायची, काविळीवर.

चहाच्या वेळी पप्पांनी मला स्वतःची झोपाळ्याची जागा दिली. “बस, बाळा,” म्हणाले.

बाळा! ढोल्ये नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या सकाळीही दारावर थाप पडली, पण अगदी हळू. “तुझं सावकाश होऊ दे हं.” मी टॉवेल घेऊन बाहेर पडले, मीठमधलं आवरलं आणि कुणाशीच बोलायला नको म्हणून बागेत गेले. माझ्या केळीपाशी उकिडवी बसले. बाकी सगळ्या झाडांच्या बुंध्याशी ओल होती. माझ्या केळीची माती फुफाट्यासारखी कोरडी. नळीतून थेंब नाही.

गार्गीताई झारीनं तिला पाणी घालायला आली. “हिला सध्या हातानंच घालावं लागतंय,” ती म्हणाली. “तुमच्या खोलीचं पाणी कोळशाच्या टाकीत जातंय ना.”

“का?”

ती घुटमळली. “झाडांच्या बाबतीत सांगायला हरकत नाही. औषध आहे त्यात. दुखण्याच्या गोळ्या. बऱ्याच.”

“मी तर कुठलीच गोळी घेत नाही,” मी म्हणाले. “मला गोळी गिळताच येत नाही. आई अजून चुरून मधातनं देते.”

“असं कसं? पट्टी चुकत नाही.”

“पण पट्टीला मी आहे हे कसं कळतं?”

“खोलीवरून. काथ्यात एक पाहुणा, मीठमध्ये दोन. बाई की पुरुष, वय काय, यातलं काहीही बघायचं नाही असं आम्हीच ठरवलंय. खासगी असतं ते.”

काथ्यात एक. मीठमध्ये दोन. देशीवाल्या दोघी.

मी उठले आणि नाचले. खरंच नाचले, कर्दळीच्या वाफ्यात पाय घालून. मला काही नाही! मला काहीसुद्धा नाही! गार्गीताई झारी धरून बघत राहिली. आणि नाचता नाचता माझ्या कानात ती थाप वाजली, “पप्पांचा नंबर आहे.” मी वाफ्यातून बाहेर आले. चप्पल चिखलात राहिली. मी कशासाठी नाचत होते ते मला कळलं होतं, आणि नाचणं परत घेता येत नाही.

मीठ खोलीत जाऊन मी एका दमात सगळं सांगून टाकलं. धक्क्यावर ऐकलं तेही. गार्गीताई दाराशी उभी होती.

पप्पांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा फुलत गेला. “म्हणजे मी? मीच ना? नक्की?” त्यांनी मला उचलायला बघितलं, गुडघ्यानं उचलू दिलं नाही, म्हणून नुसतीच मिठी मारली. “सुटलो बघ! ढोल्ये, जीव घेतलास माझा! अगं माझं काय एवढं त्यात, दोन दिवस अळणी खाईन.”

त्यांच्या विजारीखाली घोटे दिसत होते. मोज्यांचे काठ मांसात रुतलेले. कित्येक महिने आम्ही सगळे त्याला गुडघ्याचीच सूज म्हणत होतो.

आई उठली. पप्पांच्या बॅगेतून गोळ्यांची पाकिटं एकेक काढून तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली. “काउंटरवर मी लोकांना ओरडते. रोज घेऊ नका, किडनीवर येतं म्हणून,” ती म्हणाली. “आणि घरी मीच आणून देते.” मग तिनं पर्सची चेन ओढून लावली.

“झालं ते झालं,” पप्पा म्हणाले. “आता हा विषय इथंच बंद. घरी कुणाला काही बोलायचं नाही.”

“विषय बंद कसा? घराण्यातनं येतं म्हणालात ना?” आई माझ्याकडे बघत नव्हती. “आईबापातल्या एकाला असलं की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणेफेक.”

आनुवंशिकतेचा, वाटाण्याच्या झाडांचा धडा आम्हाला झालाय. चौकटी काढून उंच, बुटका, उंच, बुटका लिहायचं असतं. त्यात मी दहापैकी दहा मिळवले होते.

गार्गीताई हळूच म्हणाली, “आज ज्यानं त्यानं आपल्याच खोलीतलं वापरलं, तर उद्याच्या नाश्त्याला ताटं बरोबर येतील. मला सांगता येत नाही. ताट येईल एवढंच.”

“तू देशीच वापर,” पप्पा मला घाईघाईनं म्हणाले. “कुणी बघायला सांगितलंय?”

“आणि संग्रामदादा?” मी विचारलं.

आप्पाकाकांचा मुलगा. त्यालाही निम्मी.

“त्याची चाचणी आहे पुढच्या महिन्यात,” पप्पा म्हणाले. “आत्ता सांगितलं तर पोरगं खचेल. होऊ दे चाचणी. मग बघू.”

“चाचणीच्या आधी सराव दुप्पट होणार. गोळ्याही.”

“ओवी, मोठ्यांच्यात बोलू नको.”

त्या दिवशी मी काथ्यातलंच वापरलं. मुद्दाम. पप्पा पितळी तोटीला धरून, आईच्या खांद्याचा आधार घेऊन, मीठमध्ये बसले आणि उठले. तोंडातून आवाज काढला नाही.

सकाळी ताटं आली. पप्पांच्या झाकणाखाली, आणि खोली एकच म्हणून आईच्याही, पांढरेफटक, बिनमिठाचे घावणे आणि वाफवलेला दुधी. त्यांनी ताटाकडे असं बघितलं, जसं पंचानं बोट वर केल्यावर खेळाडू बघतो. आई-पप्पा दोघांनीही मग माझ्या झाकणाकडे बघितलं. मी हात लावायच्या आत पप्पांनी त्यावर पंजा ठेवला. घट्ट.

“नको उघडू,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, विनवलं.

झापाच्या विणीतून वाफ येत होती. वास घेऊन बघितला. काहीच कळत नव्हतं.

मी मावशींना हाक मारली. “हे ताट आत न्या. असंच, न उघडता. मला त्या पलीकडच्या टेबलावर दिलेत तसले पोहे आणा.”

मावशींनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. पप्पांनी पंजा काढला आणि ताट आत गेलं. पप्पांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला, म्हणून मला लगेच बोलावं लागलं.

“पप्पा, आई, मी ठरवलंय,” मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही, ‘हजर’ म्हणायचे तसा निघाला. मग मी परत म्हणाले, मोठ्यांदा. “घरी गेल्या गेल्या पप्पा डॉक्टरांकडे जाणार, आणि मी त्यांच्याबरोबर आत येणार. बाहेरच्या बाकावर बसणार नाही. पप्पांचं झालं की माझं तपासायचं. मला आहे का, ते मी माझ्या तोंडानं विचारणार आणि मला उत्तर माणसाच्या तोंडून हवंय. दुधीभोपळ्याकडून नको. आणि जे निघेल त्याला कुणी कावीळ म्हणायचं नाही.”

“बरं बाई, बरं,” पप्पा म्हणाले. “घरी गेल्यावर बघू.”

“अजून संपलं नाही.” मी फोन टेबलावर ठेवला, पप्पांच्या अळणी ताटाशेजारी, आणि संग्रामदादाचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली. “दादा आत्ता सरावाहून येऊन ओट्यावर बसला असेल. तुम्ही सांगणार असाल तर फोन तुमच्या हातात देते, पप्पा. नाहीतर मी सांगते.”